नेदरकॉटचा पांढरा गिलावा

मर्टल लक्स्टन नवी नवरी म्हणून नेदरकॉटच्या शेतघरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला आणि लगेच तो स्कर्टला पुसला. सासू चुलीपाशी दुधावर साय धरवत उभी होती. बेसी लक्स्टनच्या नजरेतून उडती माशी सुटत नसे, मग हे कसं सुटणार!

"हात कसला पुसतेस, पोरी? भिंत आहे ती, गाय नाही."

"नाही, म्हणजे... मातीची आहे ना," मर्टल चाचरत म्हणाली.

"मातीचीच आहे. तू कशाची आहेस?"

मर्टल एक्सेटर शहरातली, रेल्वेतल्या गार्डची मुलगी. तिचं माहेर लाल विटांच्या घरांच्या रांगेतलं. शेजारी खोकला तरी ऐकू यायचं, पण भिंत कशी ओळंब्यात. आणि इथे हे घर! तांबड्या मातीत गव्हाचं काड मिसळायचं, ते बैलांकडून तुडवून घ्यायचं, नि फावड्याने थरावर थर चढवत न्यायचं. लक्स्टनांच्या कुणा खापरपणज्याने हे असं बांधलेलं. खाली गुडघाभर दगडी जोतं, वर काडाचं जाड छप्पर. भिंती इतक्या रुंद की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून खुशाल मटार सोलत बसावं. पण एक कोपरा धड काटकोनात असेल तर शपथ. माडीची जमीन अशी उतरती की खाली पडलेलं बटण थेट पलंगाखाली जाऊन बसायचं. मर्टलला वाटलं, लग्न करून आपण वारुळात आलो.

नवरा मात्र तिला हवा तसा मिळाला होता. सिरिल लक्स्टन अंगाने दांडगा, बोलायला मऊ. कुणाला कधी नाही म्हणणार नाही. शेजाऱ्याने शिडी मागितली तर हा शिडी देऊन वर ती धरायलाही जायचा. स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत तो जन्मला होता, त्याचा बापही तिथेच. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत घराच्या पोटातून जो बोळ जातो, त्यातून बापाची शवपेटी बाहेर निघाली होती. सिरिललाही तसंच, त्याच खोलीतून नि त्याच बोळातून जायचं होतं. हे त्याने मर्टलला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं, जसं दुसरा कुणी पगार सांगेल तसं. याखेरीज त्याला आयुष्यात काही म्हणजे काही नको होतं.

"पण पाऊस लागून विरघळत नाही का रे हे घर?" मर्टलने एकदा विचारलं.

"डोक्यावर छपराची टोपी नि पायात दगडाचे बूट चांगले असले की मातीच्या घराला काही होत नाही, असं म्हणतात आमच्यात," सिरिल म्हणाला. "मधलं अंग तेवढं मोकळं ठेवायचं. भिजतं, नि वाळतं."

हे मधलं अंग मोकळं ठेवायचं म्हणजे काय, ते मर्टलला वसंतात कळलं. व्हिटसनच्या, म्हणजे वसंत सरतानाच्या सणाआधी दर वर्षी घराला चुना लागायचा. सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, जुन्या पिंपात पाणी भरून कळीचा चुना सोडला की तो चिडल्यासारखा उकळायचा. त्यात चरबी वितळवायची, पाऊस लवकर धुऊन नेऊ नये म्हणून. सिरिल शिडीवर, बेसी दारखिडक्यांच्या कडांना, आणि खालचा सगळा पट्टा मर्टलच्या वाट्याला. चुना डोळ्यांत जाई, केसांत जाई, बोटांच्या पेरांना भेगा पाडी. सिरिल वर बसून चॅपलमधली भजनं बेसूर गात असे. त्याच्यासाठी हा सणाचाच भाग होता. मर्टल मात्र रात्री हातांना लोणी चोळून रडायची. आणि एवढं करून पुढच्या वसंतापर्यंत पावसाने निम्मा चुना उतरलेला असे नि तांबडी माती पुन्हा डोकावायला लागलेली असे.

रविवारी चॅपलमध्ये ती हातमोजे काढत नसे. हे आणखी कुणाच्या नाही, पण आयव्हीच्या लक्षात यायचंच. आयव्ही ही सिरिलची धाकटी बहीण. त्याच घरात वाढलेली, त्याच भिंतींना चुना फासून मोठी झालेली. पण जवळच्या क्रेडिटन गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराशी लग्न झालं, दुकानदाराने विटांचा नवा बंगला बांधला, त्यात नळाला गरम पाणी आलं, आणि बाई हवेत गेली.

सुगीच्या जेवणाला सगळं गाव चॅपलच्या हॉलमध्ये जमलं होतं. आयव्ही टेबलापलीकडून मोठ्याने म्हणाली, "अगं मर्टल, हातमोजे घालून केक खातात का कुणी? का अजून चिखलाला पावडर लावणं चालूच आहे तुमचं?"

हॉल हसला. सिरिलही हसला, कारण लहानपणापासून तो आयव्हीच्या प्रत्येक बोलण्यावर हसत आला होता. मर्टलने हातमोजे काढले आणि केक खाल्ला. हा घाव तिने मनात जपून ठेवला. माणसं शहाणपणाची गोष्ट विसरतात आणि असलं काही जन्मभर बाळगतात.

पुढे मुलगा झाला, डेरेक. तो शाळेत जायला लागला. बेसी म्हातारी झाली आणि एका हिवाळ्यात गेली, बोळातूनच. त्या सुमारास टॅपस्कॉट नावाचा गवंडी आमच्या भागात घरोघर फिरत होता. एकामागून एक वाड्यांना सिमेंटचा गिलावा चढत होता. "एकदा मारलं की जन्माची कटकट मिटली," टॅपस्कॉट म्हणायचा. "वर पांढरा रंग. लग्नाचा केक दिसेल घर, बाई!" त्याच्या मनात काही खोट नव्हती. त्याने स्वतःच्या आईच्या घरालाही तेच केलं होतं.

मर्टलने न्याहारीच्या वेळी विषय काढला. तिने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तिला नीट मागताही येईना.

"सिरिल, मला या वर्षी चुना नको."

"बरं. मी एकटा लावतो."

"तसं नाही. मला कुठल्याच वर्षी नको. टॅपस्कॉटला बोलवू या का? सगळे करतायत."

सिरिलने सुरी बाजूला ठेवली. उठला, टोपी घातली आणि बाहेर गेला. कुत्रा मागून. खिडकीतून मर्टलला दिसत होतं, तो घराला फेरी घालत होता, बाजारात बैल पारखावा तसा. मागच्या भिंतीपाशी तो थांबला नि तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.  आता नाही म्हणणार, मर्टलला वाटलं, आणि म्हणाला असता तर ती चार दिवस फुगून बसली असती, पाचव्या दिवशी पिंप धुवायला घेतलं असतं.

सिरिल आत आला. "टॅपस्कॉटला सांग, कापणीच्या आधी ये म्हणावं."

तिने त्याच्या टकलावर मुका घेतला. तो लाजला नि चहा मागितला.

घर खरोखरच केकसारखं दिसायला लागलं, हे मान्य केलंच पाहिजे. वळचणीपासून पार जमिनीपर्यंत, जोत्याचे दगडसुद्धा झाकून, टणक गुळगुळीत पांढरं. टिचकी मारली तर ताटासारखं वाजायचं. पुढच्या व्हिटसनला लक्स्टन कुटुंब जन्मात पहिल्यांदा सणाला टीनमथच्या समुद्रावर गेलं. सिरिलने पँट दुमडून पाण्यात पाय बुडवले, डेरेकने आइस्क्रीम खाल्लं, मर्टलने उघड्या हातांनी कोळंबी सोलली. त्या दिवसाइतकी सुखी ती आधी नव्हती आणि नंतरही कधी झाली नाही. म्हणून पुढे तिला त्या दिवसाचाच सर्वांत जास्त राग यायचा.

दोनेक वर्षांनी स्वयंपाकघरातल्या पावाच्या भट्टीजवळच्या कोपऱ्यात वास यायला लागला, ओल्या गोणपाटाचा. मग भिंतीचा कागद सुटला. मर्टलने खळ करून परत चिकटवला, तो परत सुटला. मीठ शिंपडल्यासारखी पांढरी लव भिंतीवर यायची, ती रोज फडक्याने पुसायची. हिवाळ्यात जी भिंत चुलीच्या उबेने पाठ टेकण्यासारखी असायची, ती आता गार नि दमट लागू लागली. मर्टलने पावसाला दोष दिला. मग छपराला.

छपरं शाकारणारा पर्सी हर्ड शिडी लावून वर चढला, सगळीकडे हात घालून पाहिलं नि उतरला.

"छप्पर ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मग पाणी येतं कुठून?"

पर्सीने भिंतीकडे पाहिलं. मग सिरिलकडे पाहिलं. सिरिल बुटाच्या टाचेने चिखल उकरत होता. "मी बाई, छपराचा माणूस," पर्सी म्हणाला आणि सायडरचा पेला रिकामा करून निघून गेला.

आमच्याकडे हे असंच आहे. दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्या कारागिराच्या कामाबद्दल तर मुळीच नाही. हवेबद्दल तासभर बोलतील, शेजाऱ्याच्या गायीच्या कासेबद्दल बोलतील, पण तुमचं घर आतून कुजतंय हे सांगणं म्हणजे अगदी असभ्यपणा. याला सभ्यता म्हणत असतील तर आग लागो तिला. अर्ध्या गावाला ठाऊक होतं. मातीची भिंत ओली होणारच, खालून, आतून, चुलीच्या वाफेने, आणि चुन्यातून ते पाणी जसं यायचं तसं निघूनही जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली होती. आणि एवढी मोठी गोष्ट एकाही तोंडातून बाहेर पडली नाही.

गिलाव्याला केसासारखी चीर पडली. टॅपस्कॉटने ती बुजवली. चिरेतून शिरलेला पाऊस आत अडकला. आणखी चिरा आल्या, त्याने आणखी सिमेंट भरलं, वर प्लास्टिकचा रंग मारला. "आता थेंब आत जाणार नाही," तो म्हणाला. खरंच होतं ते. थेंब बाहेरही येणार नव्हता. या औषधाला हो म्हणणारी दर वेळी मर्टलच होती, कारण सिरिल म्हणायचा, "तू म्हणशील तसं." डेरेक तोपर्यंत ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात लागला होता. सुट्टीला आला की त्याला खोकला व्हायचा.

फेब्रुवारीतली सकाळ होती. आठवडाभर दगडासारखं गोठलं होतं, मग एका दिवसात सगळं वितळलं आणि वर पाऊस लागला. सिरिल गोठ्यात धारा काढत होता, मर्टल अंगणापलीकडच्या दूधखोलीत दूध गाळत होती. बीटची गाडी उलटावी तसा आवाज झाला. तिला वाटलं, कुणाची तरी गाडी कलंडली. बाहेर येऊन पाहते तर घराचा मागचा कोपरा खाली बसलेला. आतली माती घसरून गेली होती आणि सिमेंटचं कवच क्षणभर एकटंच उभं होतं. मग तेही वाकलं नि आडवं झालं.

वरची खोली उघडी पडली होती. सिरिलचा पलंग, त्यावरची रजई, खुंटीवरचा रविवारचा कोट, सगळं पावसात. खाली तांबडा चिखल, लापशीसारखा पातळ. त्यातून वाफ निघत होती.

सिरिल गोठ्यातून आला, उभा राहिला, त्याने पाहिलं. मग म्हणाला, "कुत्रा कुठाय?" कुत्रा त्याच्याच पायाशी होता.

तालुक्याचा माणूस आला. त्याने बाकीच्या भिंतींत सळई खुपसून पाहिली, ती लोण्यात शिरावी तशी शिरली. घरात राहायचं नाही, असं त्याने नरमाईने सांगितलं. मर्टलने ऐकून घेतलं, औजारांच्या खोलीतून घण आणला, शिडी लावली आणि पुढच्या भिंतीचं सिमेंट फोडायला सुरुवात केली.

"आई, काय करतेस?" डेरेक ब्रिस्टलहून धावत आला होता. "खाली उतर आधी!"

"हे काढलं की वाळेल ती. वाऱ्याला लागली की वाळेल. तुझा बाप म्हणायचा, भिजतं नि वाळतं."

"आई, संपलंय ते."

"तू गप्प बस! तुला काय कळतं मातीतलं?" असं ती म्हणाली, ती, एक्सेटरच्या गार्डची मुलगी, जिने पहिल्या दिवशी हात पुसला होता. सिमेंटचा एक पत्रा निखळून पडला. तिने मागच्या मातीला हात लावला, हात मनगटापर्यंत आत गेला. तो बाहेर काढायचंही तिला सुचेना. सिरिलने येऊन तिच्या हातातला घण घेतला, तिला शिडीवरून उतरवलं आणि आपल्या रुमालाने तिचा हात पुसला, एकेक बोट.

घर पाडलं त्या दिवशी आयव्ही आली होती. तीच सर्वांत मोठ्याने रडली. "मी नुसती चेष्टा करायची गं," ती मर्टलचा दंड धरून म्हणत होती. "घर तुला मिळालं म्हणून जळायची मी. मला त्या बंगल्यात कधी नीट झोप लागली नाही." मर्टलने तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळेना, हिला जवळ घ्यावं की हिच्या थोबाडीत द्यावी. शेवटी जवळ घेतलं. दुसरं करण्यात आता काय अर्थ होता?

जनावरं गेली, जमीन शेजाऱ्याने घेतली. सिरिल आणि मर्टल क्रेडिटनला आयव्हीच्याच रस्त्यावर एका बंगल्यात राहायला गेले. लाल विटा, भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात, नळाला गरम पाणी. वास नाही, लव नाही. मर्टलला तरुणपणी जे जे हवं होतं ते सगळं म्हातारपणी मिळालं. ती भिंती पुसायला फडकं उचलायची आणि पुसायला काही नसायचं.

सिरिलने कधी एका शब्दाने तिला दोष दिला नाही. कुणी विचारलं, कसं वाटतं नवं घर, तर तो म्हणायचा, "छान आहे. मर्टलला सोयीचं पडतं."  त्याने आरडाओरडा करावा, एखादी बशी फोडावी, तुझ्यामुळे झालं म्हणावं, असं तिला वाटे. शेजारच्या घरातला नवरा बायकोवर खेकसला की मर्टलला तिचा हेवा वाटायचा.

एका दुपारी चहा ओतताना तिच्याच्याने राहवेना.

"सिरिल, तुला माहीत होतं का रे?"

"काय?"

"सिमेंटचं. असं होणार म्हणून."

त्याने चहात साखर ढवळली. "होतं," तो म्हणाला. "बाबांनी एकदा काकाला धान्याच्या कोठाराला लावू दिलं नव्हतं. मोठं भांडण झालं होतं."

मर्टलने किटली खाली ठेवली. "मग बोलला का नाहीस?"

"अगं, मी त्या दिवशी फेरी मारली ना घराला, तेव्हा आपला अंदाज बांधला. आमच्यात पुरुष साठीला पोचत नाहीत. बाबा नाही पोचले, आजोबा नाही, काकाही नाही. म्हटलं, भिंत एवढी जाड, माझ्यापुरती सहज टिकेल. तोवर तुझे हात तरी बरे होतील. पुढचं डेरेक बघेल." तो थांबला. कुणाला तरी फार ताटकळत ठेवल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. "मी एवढा जगेन असं वाटलं नव्हतं, मर्टल. जायचा होतो मी, गेलं घर. माफ कर मला."

जगल्याबद्दल माणूस माफी मागत होता. मर्टलला आधी हसू आल्यासारखं झालं, मग ती उभी राहिली आणि इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"मूर्खा! बैला! हात सडले असते तरी लावला असता मी चुना. रडत लावला असता, तुला शिव्या घालत लावला असता, पण लावला असता! तू फक्त नको म्हणायचं होतंस. एकदा. चार दिवस फुगले असते मी, एवढंच ना? एवढंसं तर तोंड उघडायचं होतं, एक शब्द!"

सिरिलने कप खाली ठेवला.  त्याने घसा खाकरला.

"नको," तो हळूच म्हणाला. म्हणून बघितलं त्याने.